जुन्या बोटांची सोय

यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. इंग्रजी कळफलकावर या सहा कळा याच क्रमाने दाबा आणि फाँट 'कृतिदेव' ठेवा, पडद्यावर 'नागपूर' उमटेल. तीच फाइल कृतिदेव नसलेल्या संगणकावर उघडली, तर ती सहा इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी समोर येतील. संगणकाच्या लेखी त्या फाइलीत नागपूर कधी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवले होते, एवढंच.

पण 'यू'वर 'न' का बसवला? 'एन'वर का नाही? त्याचं कारण टंकयंत्रात आहे. रेमिंग्टनच्या देवनागरी यंत्रावर 'न' ज्या जागी होता, तिथेच इंग्रजी यंत्रावर 'यू' होता. कृतिदेव करणाऱ्यांनी टायपिस्टची बोटं सवयीने जिथे जात होती, तिथेच अक्षरं ठेवून दिली. शुद्ध तंत्रज्ञानाच्या नजरेने पाहिलं तर ही युक्ती गबाळी होती. तरीही ती चालली, आणि तिच्यापेक्षा कितीतरी शहाणे आराखडे सरकारी कपाटांत पडून राहिले. मराठी संगणकावर गेल्या चाळीसेक वर्षांत 'आजपासून असं लिहायचं' असे जे जे बदल झाले, त्यातले कोणते रुजले आणि कोणते कागदावर राहिले हे बरंचसं एकाच गोष्टीवरून ठरलं आहे. ती गोष्ट म्हणजे जुन्या बोटांची सोय.

नागपुरात या बोटांना वजन होतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची ही राजधानी. कारभारात हिंदीही होती आणि मराठीही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला आणि राजधानीचं शहर उपराजधानी झालं. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन मात्र इथे येत राहिलं, आणि त्याच्याबरोबर दरवर्षी काही आठवडे मंत्रालयाच्या फायलीही. पुढे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कारभार मराठीत करायचं ठरलं, तेव्हा मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची वाट झाली. लिपिक-टंकलेखकाला इंग्रजीत मिनिटाला ४० शब्द आणि मराठीत ३० शब्द. महालात, सीताबर्डीवर टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तासन्‌तास बसून मुलामुलींनी हा वेग कमावला. एकदा कमावला की तो मेंदूत राहत नाही, बोटांत राहतो. कुठली कळ कुठे आहे ते विचारलं तर पट्टीचा टायपिस्टही क्षणभर अडखळतो. टाइप करायला सांगा, अडखळत नाही.

टंकयंत्राला भाषा कळत नाही, जागा कळते. 'कि' लिहायचं तर पहिली वेलांटी आणि मग 'क', कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. 'धर्म' लिहायचा तर 'ध', मग 'म', आणि शेवटी रफार, कारण रफार 'म'च्या डोक्यावर बसतो. 'ख', 'भ', 'घ', 'ण' यांना तर पूर्ण कळच नाही. अर्धं अक्षर मारायचं आणि पुढे काना ओढायचा. डोळ्यांना जे दिसतं त्या क्रमाने हात चालतो. कानाला जे ऐकू येतं त्याच्याशी यंत्राचं देणंघेणं नाही.

संगणकावर काम करणाऱ्या अभियंत्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. पहिलं विश्व हिंदी संमेलन जानेवारी १९७५ मध्ये नागपुरात भरलं होतं. तिसरं १९८३ मध्ये दिल्लीत भरलं, आणि तिथे कानपूरच्या आयआयटीने देवनागरीत चालणारा संगणक लोकांपुढे मांडला. त्या गटातले मोहन तांबे पुढे पुण्याला आले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संस्था स्थापन झाली आणि तिथे त्यांच्या हाताखाली 'जिस्ट' हे काम वाढलं. पीसीत एक कार्ड बसवायचं, की डॉसवर चालणाऱ्या साध्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही मराठी दिसू लागायची.

या लोकांनी दोन निर्णय घेतले. एक नशीब काढून गेला, दुसरा अडकला.

पहिला निर्णय अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचा. 'इस्की' नावाचं भारतीय मानक १९८८ मध्ये आकाराला आलं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते स्वीकारलं. त्यात एकूण २५६ जागा. पहिल्या १२८ जागांना हातही लावला नाही; तिथे इंग्रजी आधीपासून होती तशीच राहिली. भारतीय अक्षरं सगळी वरच्या १२८ जागांत. त्यामुळे इंग्रजीत लिहिलेला जुना कुठलाही प्रोग्रॅम, जुनी कुठलीही फाइल बिघडली नाही. अक्षरं साठवायची ती उच्चाराच्या क्रमाने: आधी 'क', मग वेलांटी. दिसताना वेलांटी डावीकडे नेऊन ठेवायचं काम यंत्राचं. हा विचार इतका नेटका होता की १९९१ मध्ये जागतिक युनिकोड आलं, तेव्हा त्यातला देवनागरीचा भाग १९८८ च्या इस्कीवरच बेतलेला होता.

दुसरा निर्णय कळफलकाचा. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये 'इनस्क्रिप्ट' ही मांडणी ठरवली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना तीच जागा. बंगालीत 'क' जिथे, तिथेच मराठीत. नव्याने शिकणाऱ्याला आठवडाभरात जमावी अशी सुंदर मांडणी. पण 'नव्याने शिकणारा' हा माणूस तेव्हा कचेरीत नव्हताच. कचेरीत होता तो १५ वर्षं रेमिंग्टनवर हात बसलेला टायपिस्ट, आणि त्याला सांगण्यात आलं की तुझा ३० शब्दांचा वेग आजपासून शून्य. त्याने काय केलं असेल? जुनं टंकयंत्र झाकण काढून पुन्हा टेबलावर घेतलं. इनस्क्रिप्ट कागदोपत्री अधिकृत मांडणी आहे, आजही विंडोजमध्ये मराठी निवडली की तीच आधी समोर येते, आणि तरीही ती बहुसंख्यांच्या बोटांत कधी उतरली नाही. माझ्या मते यात मांडणीचा दोष तिळमात्र नाही. बदल करणाऱ्यांनी यंत्र पाहिलं आणि यंत्रापुढे बसलेला माणूस गृहीत धरला.

हे नंतर कळलं, हेही खरं. सी-डॅकच्याच पुढच्या 'आयएसएम' या सॉफ्टवेअरमध्ये इनस्क्रिप्टच्या जोडीला टंकयंत्राची मांडणीही मिळू लागली. पण तोवर मैदान दुसऱ्यांनी मारलं होतं.

नव्वदचं दशक हे डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याचं. विंडोज आलं, पेजमेकर आलं, आणि ज्याच्या त्याच्या फाँटाची भाषा वेगळी झाली. पुण्याच्या मॉड्युलरची 'श्री-लिपी', बंगळुरूची 'आकृती', सी-डॅकचे स्वतःचे 'योगेश', 'सुरेख', आणि हिंदी पट्ट्यातून आलेला कृतिदेव. प्रत्येकात इंग्रजी अक्षराच्या मागे वेगळं मराठी अक्षर. लग्नपत्रिकेपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळी छपाई यावर चालली आणि फार चांगली चालली. जोवर मजकूर छापून कागदावर उतरत होता, तोवर आत काय साठलंय याची कुणाला फिकीर नव्हती. नागपूरसारख्या दुभाषी शहरात तर एकच माणूस सकाळी हिंदी अर्ज आणि दुपारी मराठी प्रतिज्ञापत्र एकाच फाँटात काढून मोकळा व्हायचा. अडचण सुरू झाली ती मजकूर कागद सोडून तारेवरून फिरू लागल्यावर. मुंबईत श्री-लिपीत टाइप झालेला तारांकित प्रश्न नागपुरात कृतिदेव असलेल्या संगणकावर उघडला, तर त्यातून जे निघायचं ते सभापतींना वाचून दाखवण्याजोगं खासच नसायचं.

युनिकोडने हा गोंधळ मिटवायचा होता, आणि मिटवलाही. पण त्याचा स्वतःचा एक गुंता आहे आणि तो नेमका आपल्या प्रदेशाच्या नावात रुतून बसला आहे. वऱ्हाड.

या शब्दातला 'ह'च्या आधीचा आडवा अर्धा 'र' हिंदीला लागत नाही, संस्कृतलाही लागत नाही. मराठीला मात्र त्याच्यावाचून चालत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांनी' जेवण वाढलं की 'आचाऱ्यांनी', हे या खुणेवर ठरतं. टंकयंत्रावर ती खूण म्हणजे एक वेगळी कळ, काम संपलं. उच्चारक्रमाने लिहिणाऱ्या संगणकाला मात्र पेच पडतो. 'र'ला हलन्त देऊन पुढे 'ह' लिहिला की तो नियमाप्रमाणे रफार करून 'ह'च्या डोक्यावर चढवतो. मग वऱ्हाडातला 'र' कसा सांगायचा?

युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत उत्तर होतं: 'र', हलन्त, आणि त्यापुढे 'शून्य रुंदीचा जोडक' नावाचं एक न दिसणारं चिन्ह. नंतर इस्कीशी मेळ घालायचं ठरलं. इस्कीत हा आकार 'ऱ' या, म्हणजे दक्षिणी भाषांतला 'र' देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेल्या, अक्षराला हलन्त देऊन मिळत असे. युनिकोडने ती रीत मुख्य मानली. आणि जुनी? जुनी काढून टाकली असती, तर तोवर लिहिल्या गेलेल्या प्रत्येक मजकुरातला वऱ्हाड एका रात्रीत 'वर्हाड' झाला असता. म्हणून मानकाच्या नियमांत एक कलम घातलं गेलं: दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगत राहण्यासाठी जोडकाची रीतही चालेल, दिसेल तेच.

या उदारपणाला एक कडू अनुभव कारण होता. त्याच दुसऱ्या आवृत्तीत कोरियन लिपीची हजारो अक्षरं जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी नेली गेली आणि आधीचा कोरियन मजकूर निरर्थक झाला. त्यानंतर युनिकोडने स्वतःलाच बांधून घेतलं की एकदा दिलेली जागा पुन्हा कधी काढायची नाही, अक्षर हलवायचं नाही, त्याचं नावसुद्धा बदलायचं नाही, मग ते चुकलेलं का असेना. आपल्या वऱ्हाडाचे दोन अवतार या शपथेमुळे कायमचे झाले. डोळ्यांना एक, संगणकाला दोन. साध्या शोधयंत्रात एक वऱ्हाड शोधला तर दुसरा सापडत नाही.

मराठी माणसाला ही तऱ्हा नवी वाटू नये. मराठी साहित्य महामंडळाने, ज्याच्या चार मूळ संस्थांपैकी एक नागपूरचा विदर्भ साहित्य संघ, केलेले लेखनाचे नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर घातली. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, 'नांव' आणि 'कांहीं' गेले, आणि गावाच्या नावातला 'पू' दीर्घ लिहावा असं सांगताना उदाहरणांत नागपूरही आलं. पण त्याच नियमांत एक सवलत आहे: केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मुळाबरहुकूम छापावं. नव्या नियमाची हद्द कुठून सुरू होते, ते नियम करणाऱ्यांनीच आखून दिलं. शुद्धलेखनावर एरवी कितीही भांडणं झाली असोत, ही रेघ फार समजूतदार होती.

सॉफ्टवेअरच्या जगात अशी रेघ आखायला लोक उशिरा शिकले. 'गिट'चंच पाहा. प्रोग्रॅमच्या मजकुरातला प्रत्येक बदल आवृत्तीवार जपून ठेवणारं हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं आणि त्याच वर्षी जुलैत जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवलं. आज नागपूरच्या मिहानमधल्या कंपन्यांतही त्याच्यावाचून काम चालत नाही. २००८ च्या १.६ आवृत्तीत जोडरेघेने लिहायच्या जुन्या आज्ञा नेहमीच्या वाटेवरून हलवल्या गेल्या. पूर्वसूचना दिली होती, पण ती वाचलेली कुणी नव्हती, आणि चालू स्क्रिप्ट्स मोडल्यावर मोठा गदारोळ झाला. पुढच्या मोठ्या बदलाला म्हणून वेगळी चाल ठेवली. नुसतं 'गिट पुश' म्हटलं की नावं जुळणाऱ्या सगळ्या शाखा एकदम पाठवल्या जात. नवख्याच्या हातून भलतंच काही जाण्याची ही हमखास सोय. ती बदलून फक्त चालू शाखा पाठवायची होती. २००९ मध्ये आधी आपली पसंती नोंदवायची जागा दिली. २०१२ मध्ये 'सिंपल' ही नवी, सावध रीत आणली, आणि ज्यांनी पसंती नोंदवली नव्हती त्यांना यंत्र स्वतःच बजावू लागलं की हे बदलणार आहे, काय ते ठरवा. प्रत्यक्ष बदल २८ मे २०१४ च्या २.० आवृत्तीत. ज्यांनी जुनी रीत लिहून ठेवली होती, त्यांची तशीच चालू राहिली. एका आज्ञेची मूळ वागणूक बदलायला पाच वर्षं लागली.

आणि काही गोष्टी गिटनेही अजून बदललेल्या नाहीत. मराठी नावाची फाइल त्यात ठेवून यादी मागितली, तर मूळ वागणुकीप्रमाणे नाव दिसत नाही, आकडे दिसतात. 'नागपूर'मधला नुसता 'न' म्हणजे ३४०, २४४, २५०, प्रत्येकाआधी एक तिरकी रेघ. सहा चिन्हांचे मिळून असे १८ आकडे. एक सेटिंग बदललं की नाव स्वच्छ दिसतं. पण ही यादी वाचणाऱ्या जगभरच्या स्क्रिप्ट्स त्या आकड्यांवर विसंबून आहेत, म्हणून मूळ वागणूक तीच. याच गिटमध्ये एका वऱ्हाडाच्या जागी दुसरा वऱ्हाड टाकला, तर ते ओळ बदलल्याचं लाल-हिरव्यात दाखवतं. माणूस दोन्ही ओळी डोळे ताणून पाहतो आणि फरक दिसत नाही. यंत्राचं बरोबर असतं.

मराठी युनिकोडला असा पाच वर्षांचा इशारा देणारा कुणी मिळाला नाही. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय आली, 'मंगल' फाँट आला. पण घरोघरी पोचलेल्या विंडोज एक्सपीत ही सोय मुळात बंद ठेवलेली असे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग संगणक मूळ सीडी मागायचा. सीडी कपाटात, कपाटाची किल्ली भलत्याकडे. ती चौकट सापडली नाही म्हणून किती कचेऱ्यांनी 'युनिकोड चालत नाही' असा निष्कर्ष काढला असेल कोण जाणे. पुढच्या व्हिस्टामध्ये चौकट गेली आणि सोय आपसूक चालू झाली. मराठीच्या प्रसारासाठी झालेल्या कैक ठरावांपेक्षा या एका बदलाने जास्त काम केलं असं मला वाटतं.

नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक ठरवलं. जुन्या बोटांचा प्रश्न मात्र या वेळी टाळला गेला नाही. टंकयंत्राच्या कळा मारा, आत साठेल ते युनिकोड, अशी मधली सॉफ्टवेअरं आली. त्यांचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. टायपिस्टने आधी वेलांटी मारली की ती हातात धरून थांबायचं, व्यंजन आलं की त्याच्या मागे नेऊन ठेवायची. शेवटी मारलेला रफार उचलून अक्षराच्या आधी सरकवायचा. अर्ध्या 'ख'पुढे काना आला तर तो काना नव्हेच, पूर्ण 'ख' करायचा. टायपिस्टला यातलं काही कळत नाही, आणि कळू नये हाच हेतू. राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षा गेल्या दशकात यंत्रावरून संगणकावर आल्या, त्याही रेमिंग्टनची मांडणी बरोबर घेऊनच. १९५५ पासून देशी टंकयंत्रं बनवणाऱ्या गोदरेजने तोवर उत्पादन थांबवलं होतं. यंत्र गेलं, कळा राहिल्या.

छापखान्यांनी आणखी बराच काळ दाद दिली नाही, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठी नीट जोडताच येत नव्हती. मग बातमी युनिकोडात यायची, रूपांतर करून जुन्या फाँटात जायची, पान छापून झालं की संकेतस्थळासाठी पुन्हा उलट रूपांतर. दर फेरीत एखादा रफार घसरायचा.

या सगळ्यातून जे अक्षर सर्वांत विचित्र अवस्थेत बाहेर पडलं ते 'ॲ'. इस्कीच्या परंपरेत यासाठी 'ए'वर चंद्र काढलेलं 'ऍ' होतं, हिंदीच्या वळणाचं. मराठी लोक 'अ'वर चंद्र देतात, म्हणून त्यांनी 'अ' लिहून पुढे चंद्राची खूण जोडायला सुरुवात केली आणि पडद्यावर ते ठीकठाक दिसलं. मग एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मराठीसाठी स्वतंत्र 'ॲ' आला. नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' यांना रीतसर जागा दिली. पण मोकळ्या जागा तेव्हा गटाच्या टोकाला उरल्या होत्या, त्यामुळे या नव्या स्वराचा क्रमांक 'ह'च्याही पुढचा आहे. आधीची दोन रूपं शपथेप्रमाणे जिवंतच. दुकानांची नुसत्या क्रमांकांवरून लावलेली यादी घ्या: एक 'अॅग्रो एजन्सी' वर 'अ'मध्ये मिळेल, दुसरी 'ऍग्रो' होऊन 'ऊ' आणि 'ए'च्या मध्ये, आणि तिसरी, जिने नियमाप्रमाणे सगळं बरोबर लिहिलं ती, 'हनुमान ट्रेडर्स'च्या खाली.